सुतळीला धागा हवा की नको

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबांचा उजवा हात अजून हलत नाही, शब्द उमटत नाहीत, पण चहा गार दिला की डाव्या बोटांनी टेबल ठोकतात, हे वाचून जिवात जीव आला.

मी इथे प्रयोगशाळेत दिवसभर बंदराच्या पाण्याचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसतो. खरे जीव बघून कंटाळा येतो, मग आपल्या खेळातल्या खोट्या समुद्राकडे वळतो. दहा लाख वर्षं पुढे सरकवायची पाळी माझी आहे, तर ऐक. पाणी तापलंय, खाणं विरळ झालंय. सबब सुतळी या आपल्या लाडक्या जिवाचा धागा मी काढून टाकतोय. एका सुतळीच्या दोन झाल्या, तरी जन्मभर त्या केसाहून बारीक धाग्याने एकमेकींना बांधून का घ्यायचं? एक बुडाली की दुसरीलाही घेऊन बुडते. सुटी झाली तर लांब जाईल आणि जगेल.

जाता जाता एक. साहेब मला इथेच कायम करायचं म्हणतात. महिनाअखेर कळवायचंय. हो म्हटलं तर घरी येणं वर्षातून एकदाच जमेल. तुझं मत लिही.

माझ्यावर रागावशील तेव्हाही थोडा लोभ शिल्लक ठेव.
तुझा,
बारक्या

१३ जून

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

‘जाता जाता’ म्हणून जे लिहिलंस त्यासाठीच सगळं पत्र लिहिलंस, एवढं मला कळतं. पण आधी सुतळी.

मासे कधी झालेच नाहीत असा समुद्र आपण लहानपणी मांडला, तेव्हापासून नियम एकच आहे. हौस म्हणून काही बदलायचं नाही, त्या जिवाचं काहीतरी अडलं पाहिजे. बाबा कारखान्यातून येऊन हात पुसत पंच म्हणून बसायचे आणि विचारायचे, तिचं अडलं काय? मग टेबल एकदा ठोकलं की मंजूर, दोनदा ठोकलं की नामंजूर. सध्या पंच आजारी आहेत, म्हणून निकाल मीच देते. नामंजूर. त्याच धाग्यातून पोट भरलेली सुतळी उपाशी सुतळीला भरवते. तू बुडण्याचं तेवढं लिहिलंस, भरवण्याचं सोयीस्कर विसरलास.

आता नोकरी. बाबांना उठवायला दोन माणसं लागतात. एक मी, दुसरा शेजारचा शिंपी. तो बिचारा शिवण टाकून धावत येतो, पण किती दिवस येईल? माझे नकाशे अर्धे पडलेत, कचेरीतून दोनदा विचारून झालं. मला तुझा राग आलाय. तू परत यावंस असं मला वाटतं. विचारलंस म्हणून लिहिलं.

राग आहे तिथे मायाही आहे, हे तुला वेगळं सांगायला नको.
तुझी,
ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग पोचला. रास्त आहे. मी येतो. साहेब कालपासून दौऱ्यावर आहेत, आले की नाही म्हणून सांगतो. सुतळीचा धागाही होता तिथे आहे असं समज.

कंटाळा येतो म्हणालो ती मात्र थाप होती. मला हे काम फार आवडतं. परवा एका थेंबात एक जीव दिसला, तो कुठल्याच पुस्तकात सापडला नाही. साहेब म्हणाले, चिकाटीने बघत राहिलास तर त्याचं काहीतरी कळेल. असो, दुसरं कोणी बघेल. बाबांना म्हणावं, टेबल पुरे, आता माझं डोकं ठोका.

येईपर्यंत तुमचा दोघांचा लोभ जपून ठेवा.
तुझा,
बारक्या

२६ जून

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

साहेबांशी बोलला नसशील तर बोलू नकोस.

तुझी सगळी पत्रं बाबांना वाचून दाखवली, थापेसकट. आजवर सुतळीचं त्यांना विचारलंच नव्हतं. बोलत नाहीत म्हणून मीच पंच होऊन बसले होते. मग त्यांच्यापुढे रीतसर अर्ज केला, धागा काढावा, आणि बदल माझ्या नावावर लिहावा. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. अडलं काय, ते सांगावंच लागलं. मी म्हटलं, एकीला तळाशी बसून जगता येतं आणि आजूबाजूला आधार आहे. दुसरीला वर उजेडात खाणं दिसलंय. आता धागा भरवत नाही, नुसता ओढतो. त्यांनी टेबल एकदा ठोकलं.

मला रडू आलं. ते तू मनावर घेऊ नकोस. शिंप्याची बहीण रोज सकाळी मदतीला यायला तयार आहे. तिच्या पगाराचं तू बघ, बाकी मी निभावते.

निकालानंतर बाबांनी डाव्या हाताने पेन्सिल मागितली. अर्जासाठी मी काढलेल्या चित्रातल्या दोन्ही सुतळ्यांना, जिथे धागा होता तिथे, एकेक आखूड, वाकडं टोक काढलं. मी म्हटलं, धागाच नाही तर याचा काही उपयोग नाही, खोडू का? त्यांनी दोनदा ठोकलं.

चित्र सोबत आहे. पुढच्या दहा लाख वर्षांत हवं ते बदल, त्या टोकांना हात लावू नकोस.

लांबून का होईना, लोभ करत राहा.
तुझी,
ताई