शकूचा सोमवार

७ ऑगस्ट ७८, सोमवार
विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावापासून गाव बिथरलंय. बौद्ध वस्तीतली मुलं शाळेत फिरकली नव्हती. आज एकटी शकू आली, सातवीची. शाळेचा रांजण भरायचा तिचा वार सोमवार. मुलींचे वार मी हेडमास्तरीण झाले तेव्हाच लावून दिलेत. तिने हापशावरून घागरी आणून रांजण भरला. दिवसभर एकही पोर पाण्याकडे गेलं नाही. ओठ सुकलेले, पण नाही. एवढीएवढीशी पोरं! शिसारी आली. सगळ्यांसमोर पेलाभर प्याले.

८ ऑगस्ट
रांजणातलं पाणी कुणीतरी ओट्यावर ओतून दिलेलं. सरपंच आले, चहा घेतला, मग म्हणाले, "पोरगी बसू द्या की वर्गात, कोण न्हाई म्हनायलंय? पान्याला तेवढं शिवू देऊ नका." वार बदलणार नाही म्हटलं. नुसता हसला मेला.

१२ ऑगस्ट
आमच्या दुय्यम गुरुजींचा शहाणपणा. परस्पर रांजणाला तोटी बसवली आणि पाणी शिपायाने भरायचं ठरवलं. कोणत्याच मुलीला वार नको, म्हणजे समानता! वर तोंड करून सांगतात. गाव खूश. सरपंचापेक्षा या माणसाची किळस जास्त येते. रोज शेजारी बसून डबा खायचा याच्या...

१४ ऑगस्ट, सोमवार
तोटी राहू दे, भरेल शकूच, असं बजावलं. भरलं तिने. मधल्या सुट्टीत गावातल्या दोघी मुली आल्या, इकडेतिकडे बघत प्याल्या, परकराला तोंड पुसून पळाल्या. चोरून का होईना. बरं वाटलं.

१९ ऑगस्ट
जिंतूरहून विस्तार अधिकारी आले. माझी बदली. म्हणे "तुमच्याच सोयीसाठी". सोमवारी चार्ज द्यायचा, तोही गुरुजींना. साहेबांना तहान लागली तर हॉटेलातून सोडा मागवला. रांजण समोर भरलेला. थू.

२० ऑगस्ट, रविवार
संध्याकाळी शकू आली. दारातच उभी होती, हाताला धरून आत आणलं. शाळेच्या घागरी गुरुजींनी कुलपात टाकल्यात म्हणाली. मग, "बाई, उद्या माझा वार हाय. घरची घागर आणू का? तुमी असताल न्हवं?"
आण म्हटलं.
बदलीचा हुकूम परत वाचला. चार्ज सोमवारी द्यावा, एवढंच लिहिलंय. सकाळी की शाळा सुटताना, ते नाही.