ब्याऐंशी किलोंचं पथ्य

अण्णा, आज दुपारी आईने पुन्हा भाताचं ताट बाजूला सारलं आणि मला तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तुम्ही होता तेव्हा तुमच्यावर रागवायची सोयच नव्हती, म्हणून आता रागावते आहे. आईचं वजन अडतीस किलोवर आलंय. गेल्या महिन्यात ती चक्कर येऊन बाथरूममध्ये पडली आणि मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त नाही, हाडं ठिसूळ झालीत, नीट खायला घाला, पुन्हा पडल्या तर उठणं अवघड आहे. काय घालू? सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी अर्धी नाचणीची भाकरी आणि दोडक्याची पांचट भाजी, रात्री तेच उरलेलं. बाकी काही पुढे केलं की म्हणते, "ह्यांचं पथ्य मी मोडू होय गं?"

ह्यांचं पथ्य म्हणजे तो कागद. मी सहावीत होते तेव्हा तुमची साखर निघाली आणि डॉक्टरांनी काय खायचं, काय नाही, ते लिहून दिलं. संत तुकाराम नगरच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून तुम्ही तो चिकटवलात. तो अजून तिथेच आहे, तेलाने पिवळा पडलाय. वर स्वच्छ अक्षरात लिहिलंय: वय ४४, वजन ८२ किलो. म्हणजे तो एका चव्वेचाळीस वर्षांच्या, ब्याऐंशी किलोंच्या, कंपनीत उभ्याने काम करणाऱ्या पुरुषासाठी लिहिलेला होता. पण तुम्ही जाहीर केलंत, "घरात एकाने पथ्य करायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यासमोर चापायचं, असलं चालणार नाही. सगळ्यांनी हेच खायचं." झालं. घरातून साखर गेली, गूळ गेला, बटाटा गेला, केळं गेलं, भात गेला. आई रत्नागिरीकडची, पेजेवर वाढलेली. भाताशिवाय तिला जेवल्यासारखं वाटायचं नाही. तिने एका दिवसात भात सोडला आणि शेजारणी तिचं कौतुक करत राहिल्या. माझं वजन तेव्हा तीस किलोसुद्धा नव्हतं. मला सारखी भूक लागायची. एकदा माझ्या दप्तरात केळ्याची साल सापडली तर तुम्ही ती दोन बोटांत धरून माझ्या तोंडासमोर नाचवलीत आणि म्हणालात, "बाप आजारी आहे आणि तुला केळी सुचतात?" मी बारा वर्षांची होते, अण्णा. बाराव्या वर्षी केळीच सुचतात.

तुमच्या तेराव्याला चाकणच्या कंपनीतले तुमचे सोबती आले होते. त्यातले निघोज्याचे एक काका, तुमच्या शेजारच्या मशिनवर होते ते, जेवण झाल्यावर माझ्याजवळ येऊन डोळे पुसत म्हणाले, "ताई, अण्णा लई मोकळा मानूस. गुरुवारी कॅन्टीनला जिलबी असायची, तवा आमी चार-पाच जन आमच्या वाटची त्यांच्याच ताटात टाकायचो. म्हनायचे, टाका राव, घरात बायको गोडाला हात लावू देत न्हाई." ते प्रेमाने सांगत होते बिचारे. आत आई पानं उचलत होती. तुमच्यासाठी स्वतःच्या चहातली साखर सोडलेल्या बाईला तुम्ही कंपनीभर कजाग करून ठेवलंत. जिलबी खाल्लीत याचं मला एवढं नाही वाटत. पुढे किडन्या गेल्या, दोन वर्षं डायलिसिस झालं, त्याची किंमत तुम्ही भरलीत. पण तिच्या नावावर का खाल्लीत? ती तर तुमच्यामागून सगळं निमूट सोडत होती.

मनगटाचं प्लास्टर काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. तरुण मुलगी. तिने आईला पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, तुम्हाला काय आवडतं?" आई म्हणाली, "ह्यांना भात चालत नाही." ती हसली. "ह्यांना नाही हो, तुम्हाला." आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू, चोरी कबूल केल्यासारखी ती बोलली, "मऊ भात. वर तूप, मेतकूट." मुलीने तोच सगळ्यात वर लिहिला. दोन्ही वेळा. खाली अंडं, दूध, खजूर, डाळ. माझीही साखर आता काठावर आहे, तर तिने मला वेगळा कागद करून दिला आणि म्हणाली, "काय सोडवणार नाही ते आधी सांगा, ते धरूनच लिहिते. महिनाभर जमेल आणि मग चोरून खाल, असलं पथ्य काय कामाचं? वर्षानुवर्षं झेपेल तेच खरं." मला तिथेच रडू फुटलं. तिला वाटलं मी साखरेला घाबरले. तुम्हाला हा प्रश्न कोणी विचारला नाही, अण्णा. विचारला असता तर कागदावर गुरुवारची एक जिलबी आली असती, आणि आईच्या वेगळ्या कागदावर भात. पण तुम्हीही कधी तोंड उघडलं नाहीत. आमची तोंडं मात्र बंद केलीत.

तर आज मी मऊ भात केला, तूप घातलं, मेतकूट भुरभुरवलं. आईने वास घेतला, मी पाहिलं तिला घेताना. मग ताट सारलं. "त्यांनी शेवटपर्यंत पाळलं, मला चार दिवस पाळता येऊ नये?" माझ्या ओठांवर आलं होतं, शेवटपर्यंत? दर गुरुवारी सात-सात जिलब्या हाणायचे ते! म्हटलं असतं तर तिने भात खाल्ला असता, की भाकरीसुद्धा सोडली असती, मला ठरवता आलं नाही. मी उठून इकडे खोलीत आले आणि हे लिहायला घेतलं. तुम्हाला म्हणून लिहीत असले तरी मनात होतं, हेच तिला वाचून दाखवावं. म्हणजे जे सांगायचं ते तुम्हाला सांगितल्यासारखं होईल आणि ती नुसती ऐकेल.

पण मघापासून एक गोष्ट मी टाळते आहे. निघोज्याच्या काकांनी सांगितलं तेव्हा मला धक्का बसला नव्हता. तुमचा युनिफॉर्म धुणं माझ्याकडे होतं, आठवतंय? गुरुवारी तुमच्या खिशातला रुमाल चिकट असायचा. एकदा मोरीत त्याला मुंग्या लागल्या होत्या. मी हुंगून पाहिला. आई दारात यायच्या आत मी तो बादलीत बुडवला, आणि पुढे दर गुरुवारी आधी रुमालच धुतला. कारण गुरुवारी तुम्ही हसत घरी यायचात, माझ्या वेण्या ओढायचात, आणि ते जाऊ नये असं मला वाटायचं. त्या वेळी मी बोलले असते तर आरडाओरडा झाला असता, कदाचित तो कागदही फाटला असता, आणि आई रात्री भात जेवली असती.

हा कागद मी तिला वाचून दाखवणार नाही. ओट्यावर भात झाकून ठेवलाय, तो गरम करते आणि तिच्याजवळ जाऊन बसते. आधी रुमालाचं सांगेन, मग जिलबीचं. तिच्या ताटातला भात तुम्ही एकट्याने काढून घेतला नव्हता.