हलगी मागं पडते

बुधवार संध्याकाळ, इंदापूर स्टँड

बारामतीची गाडी अजून नाही. समोर पेरू मस्त दिसतायत. नको, आधी हे लिहितो.

जुन्या व्हिडिओ गेमच्या म्युझिकचं मी रिमिक्स नेटवर टाकलं, त्यात हलगी इथल्या शंकरतात्यांची. कुणीतरी कमेंट केली, "बाकी भारी, पण हलगी मागं पडते." मी लगेच उत्तर ठोकलं, "पुढच्या वेळी हलगीवाला बदलतो." का लिहिलं तसं?

आज तात्यांना ऐकवलं. डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, "ह्यो हात माझा न्हाय. दुसरं कुणी बसवलंस व्हय रं?"

"तुमचाच हाय तात्या. गेमच्या चालीत बसंना, म्हणून मी कॉम्प्युटरवर ओढून हळू केला."

"आरं येड्या, सांगायचं की! मी हळू वाजवली असती." हसले. "लोकं काय म्हणत्यात?"

"भारी म्हणत्यात."

"हलगीवाला बदलतो" म्हणे. चूक माझी, आणि नाव त्यांचं.

आत्ता ते उत्तर खोडायला उघडलं, तर खाली त्यांच्या सुनेच्या खात्यावरून उत्तर आलंय, "बदल की. हळू वाजवणारा पायजे आसंल तर मी हाय. तात्या."

गाडी लागली. माघारी तात्यांकडं जावं म्हणतोय, पण जाऊन बोलू काय?