नियम नंबर पाच

९ मार्च, सोमवार

आज सोसायटीनं माह्ये नियम पास केले. सगळे मीच लिहिले, दुसऱ्या कोणाच्या डोक्शात एवढं येतच नाही. मागच्या एप्रिलमध्ये कॉलनीमागचं सुकं गवत पेटलं, दोन गाड्यांचे बंपर वितळले, तरी लोक झोपलेले. आता झोपून दाखवा म्हणा!
एक: भिंतीपासून दहा फूट सुकं गवत, पाला, लाकूड नाही. दोन: छतावर फांदी नाही. तीन: कुंपणाची झाडं कमरेच्या वर नाही. चार: पाला जाळणं एकदम बंद. पाच: जो जाळील त्यानं महिनाभर रोज सकाळी पाला झाडायचा.
पाचवा नियम मी खास कांताबाईसाठी घातला, पण तिचं नाव नाही लिहिलं. सभ्यता म्हणून.

११ मार्च, बुधवार, सकाळी ६

कांताबाई म्हणजे माह्या भिंतीमागच्या रिकाम्या प्लॉटातल्या मोहाच्या झाडाची मालकीण असल्यासारखी वागणारी बाई. झाड तिचं नाही, प्लॉट तिचा नाही. कॉलनी व्हायच्या आधीपासून मोहफुलं वेचून राहिली म्हणे, अन् त्यावरच तिचे चार महिने निघतात. निघत असतील! पण मोह वेचणारे काय करतात हे साऱ्या छत्तीसगडले माहीत आहे. फुलं दिसावी म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देतात. जंगलं अशीच जळतात.
झाड तोडा असा अर्ज दिला. अध्यक्ष इंद्रजीतभैया म्हणाले, बावीस तारखेच्या मीटिंगमध्ये मत घेऊ.

१४ मार्च, शनिवार

भिंतीवरून पाळत ठेवली. बाई जाळतच नाही! आधी खराट्यानं झाडते, मग दोन जुनी लुगडी पसरते, फुलं त्याच्यावर पडतात. मले पाहून हात जोडले. पक्की बिलंदर आहे. मी पाहून राहिलो म्हणून जाळत नसणार.
कौमुदीले सांगतलं तर ती माह्यावरच उखडली. म्हणे, तुमच्या स्वतःच्या भिंतीले काय टेकवून ठेवलं ते पहा आधी. काय ठेवलं? जुन्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या, मोडक्या दिवाणाच्या फळ्या, नारळाच्या झावळ्या. ते सामान आहे, कचरा नाही. नियम कचऱ्याले लागू आहे. बायकोले नियम वाचता येत नाही, त्याले मी काय करू?

१९ मार्च, गुरुवार, गुढीपाडवा

संकल्प: या वर्षी रागावायचं नाही.
सकाळी नऊ वाजता मोडला. गुढीपाशी उभा होतो, तर मोहाची वाळली पानं थेट पाटावर. अंगणात घोट्याएवढा पाला. झाड तिचं, पाला माह्या घरी! अन् कौमुदी कांताबाईले श्रीखंड देऊन राहिली. भिंतीवरून. वाटीभरून!
उद्या पाला गोळा करीन.

२० मार्च, शुक्रवार

कंबर धरली. उद्या नक्की.
इंद्रजीतभैयाचा फोन: उद्या सकाळी आठला समिती घरोघर पाहणी करणार, सुरुवात आपल्यापासूनच. नियम लिहिणाऱ्याचं घर, आदर्श दिसलं पाहिजे म्हणे. म्हटलं, बिनधास्त या.

२१ मार्च, शनिवार, पहाटे ५:१०

पाला फार आहे. खराटा सापडत नाही. पोत्यात भरायले दोन तास लागतील.
नियम चार मनमानी जाळणाऱ्यांसाठी आहे. एका जबाबदार माणसानं, देखरेखीखाली, छोटी ढेरी पेटवणं याले जाळणं नाही म्हणत. याले निकाल लावणं म्हणतात. हवा बिलकुल नाही.

तोच दिवस, दुपारी ३

हवा होती.
ढेरीतून ठिणगी झावळीवर, झावळीवरून ताट्यांवर. वाळा असा पेटतो हे कोणी आधी सांगतलं नाही मले! नळाले पाणी नाही. मी पाइप धरून ओरडून राहिलो. कांताबाई भिंत चढून आली. त्या वयात! दोन्ही लुगडी हौदात बुडवली अन् आगीवर टाकली, पुन्हा बुडवली, पुन्हा टाकली. आग विझली. लुगडी जळून चिंध्या झाली. हात भाजला बाईचा.
मले काही नाही झालं. डावी भुवई गेली.
आठ वाजता समिती आली. सगळं ओलं, काळं. इंद्रजीतभैयानं फक्त विचारलं, आदर्श घर हेच ना?
मले त्या माणसाचा भयंकर राग आला. मग स्वतःचाच आला. हे कोणाले सांगायचं नाही.

२२ मार्च, रविवार

मीटिंग. मोह तोडावा म्हणून एक मत. तेही मी हात डोकं खाजवायले वर केला म्हणून मोजलं, असं मी सांगतलं. कोणी मानलं नाही. झाड राहिलं.
मग कौमुदी उठली अन् नियम नंबर पाच मोठ्यानं वाचला. माह्याच अक्षरातला. टाळ्या!

२५ मार्च, बुधवार, सकाळी ६:३०

तिसरा दिवस. अंधारात उठून मोहाखाली झाडून राहिलो. कांताबाई पट्टी बांधलेला हात घेऊन उभी राहते अन् कोपरे दाखवते. बुंध्याजवळ राहिलं बाबूजी, म्हणे, परत घ्या. घेतलं परत.
झाडून झालं की बाई साड्या पसरते. जळालेल्या लुगड्यांच्या बदल्यात कौमुदीनं आपल्या दोन दिल्या. त्यातली एक मी ओळखली. रिटायर झालो तेव्हा मी स्वतः पसंत करून आणलेली, मोरपंखी. पाच वर्षं कपाटात, घडीसुद्धा मोडली नव्हती. विचारलं की म्हणायची, चांगल्या प्रसंगाले नेसीन.
आज त्या मोरपंखीवर टपटप फुलं पडत होती. कौमुदी भिंतीवरून पाहत होती. साडी छान दिसते हो, म्हणे.