कॅटलॉगात नसलेले आप्पा

५ जानेवारी १९८६, रविवार
माझ्या बायकोचा, मथुरेचा, भाऊ लवू बोटीवरच्या नोकरीतून सुट्टीवर आला. सांगितल्याप्रमाणे लंडनहून आमच्या मॉरिस गाडीचा फॅक्टरी पार्ट्स कॅटलॉग आणला, शिवाय थोडे पार्ट्स. प्रत्येक बोल्टाचं चित्र, प्रत्येक चित्राला नंबर! आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही गाडी तीस वर्षं रत्नागिरी-देवरूख चालवली आणि एकदाही पुस्तक उघडलं नाही. गुढीपाडव्याला त्यांना जाऊन वर्ष होईल. संकल्प: तोवर गाडी फॅक्टरीतून निघाली तशी करायची आणि आईला तिच्यातून गणपतीपुळ्याला न्यायचं. गाडी आजही हँडल मारलं की सुरू होते. पण सुरू होणं वेगळं आणि ओरिजिनल असणं वेगळं.

८ जानेवारी
तपासणी. भयंकर प्रकार. गिअरच्या दांड्यावर फणसाच्या लाकडाची मूठ. सीटमध्ये काथ्या. कार्ब्युरेटर सायकलच्या ट्यूबने बांधलेला. हॉर्नच्या जागी होडीवरचा रबरी फुग्याचा भोंगा! एकालाही नंबर नाही. सगळं काढणार.
दुपारी तीनला भोंगा वाजला. एकदाच. गाडीत कोणी नव्हतं. आई म्हणाली, आले हो, आणि पडवीत दोन कप चहा ठेवला. एक तिचा, एक आप्पांचा. हे रोजचंच. आप्पा याच वेळी देवरूखहून परतायचे. मी समजावलं की उन्हाने फुग्यातली हवा तापते. तर म्हणे, मग श्रावणात कसा रे वाजत होता? मी बी.एस्सी. आहे (एक विषय राहिला). असल्या प्रश्नांना उत्तर देत नाही. दुसरा कप मी प्यायलो. वाया कशाला?

१९ जानेवारी
ट्यूब सोडली. काथ्या उपसला. गाडीचं दार उघडलं की आप्पांच्या तपकिरीचा वास यायचा, तो गेला. कॅटलॉगप्रमाणे सीटमध्ये घोड्याचे केस हवेत. माझ्या ओळखीत घोडा एकच, टांगेवाल्या विठूचा. विठू म्हणाला, घोड्याला विचारून सांगतो.
आई काथ्याच्या ढिगाशी बसून हुंगत होती. कामात भावना आणू नये.

२ फेब्रुवारी
गिअरची मूठ काढली. आप्पांच्या बोटांनी तिला खळगे पडलेत. माझी बोटं त्यात नेमकी बसली. अंगावर काटा आला. थंडी असावी. मूठ बंबात घाल म्हणून मथुरेला सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या हाताने घाला. घातली.
आई रोजच्यासारखी दुपारी गाडीत जाऊन बसली. लगेच उतरली. म्हणाली, शेजारी कोण बसल्यासारखा वाटत नाय.

२३ फेब्रुवारी
भोंग्याला हात घातला तर आई आडवी आली. मेल्या, तेवढा तरी ठेव, म्हणाली, त्यांचा हात हाय त्याच्यावर. मी कॅटलॉग उघडला. तिला वाचता येत नाही, म्हणून चित्र दाखवलं. गप्प झाली. म्हणजे पटलं. भोंगा भंगारवाल्याला दिला. लवूने आणलेला विजेचा हॉर्न बसवला. वाजत नाही. बॅटरी मेलेली. इकडची बॅटरी घालणार नाही, तिला नंबर नाही.
तीन वाजले. काही नाही. आईने दोन कप ठेवलेच. दुसऱ्यावर साय धरली. मला प्यायवेना. ॲसिडिटी असेल.

१६ मार्च
तीन वाजले की कान गाडीकडे लागतात. शास्त्रीय कारण शोधतो आहे.
भंगारवाल्याकडे सहज गेलो होतो. भोंगा आंजर्ल्याच्या कोणी होडीवाल्याने नेला म्हणे. मी विचारलं नव्हतं. निदान पहिल्यांदा नाही.

१० एप्रिल, गुढीपाडवा, सकाळ
गाडी पूर्ण ओरिजिनल! सीट सोडून. घोडा नाही म्हणाला. हँडल मारून मारून खांदा निखळायचा बाकी आहे, गाडी हूं की चूं करत नाही. नंबर मात्र सगळे जुळतात. आई नवं लुगडं नेसून पडवीत थांबली. मी म्हटलं, एसटीने जाऊ. नको, म्हणाली. आत जाऊन लुगडं बदललं.

दुपार
मला राहवेना. तीनच्या सुमारास आईची पाठ वळलेली बघून गाडीत शिरलो, खाली वाकलो आणि तोंडाने भोंगा वाजवला. एकदाच, आप्पांसारखा. हुबेहूब जमला.
मग पडवीतून आईचा आवाज आला. सदू, घरात ये, ऊन लागेल, म्हणाली.
गेलो. चहाचा एकच कप होता. दुसरा कुठे, असं विचारलं.
म्हणाली, आता येणार कोण?