आम्ही दोघंही तयार

प्रिय निकेश,

फोन सोडून पत्र आलंय म्हणून घाबरू नकोस, आपली कस्तुरी ठणठणीत आहे. पेणच्या शाळेत तिला मैत्रिणी मिळाल्यात. काल तिने बाबांच्या गणपती कारखान्यात शाडूचा उंदीर केला आणि तो बेडूकच आहे म्हणून सगळ्यांशी भांडली. हट्टीपणा कुणाचा घेतलाय ते तुझं तू ठरव. बिघडलंय ते माझं. कोर्टातून आल्यापासून एका जागी बसवत नाही. कुकर लावते आणि गॅस पेटवायला विसरते, घरात येते आणि कशाला आले ते आठवत नाही.

त्या दिवशी जजसाहेबांनी विचारलं, घटस्फोटाचा खटला पुढे चालवण्याआधी मध्यस्थीला बसायची तयारी आहे का? मी तोंड उघडलं होतं रे, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात तू हात जोडून म्हणालास, ''व्हय साहेब, आमी दोघंपन तयार हाव.'' दोघंपण! साहेब बिचारे भले, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सोमवारी बाईंनी स्वतः येऊन सांगावं म्हणाले. तू मात्र बाहेर येऊन माझ्यासाठी उसाचा रस घेतलास, बिनबर्फाचा, आणि हसलास, जसं काही सगळं ठरूनच गेलं. मला इतका राग आला की मी तो रस तसाच ठेवून एसटीत चढले.

नागोठणं येईपर्यंत मनाशी 'नाही' पक्कं होतं. वडखळला गाडी थांबली तोवर 'जाऊन तर बघू' झालं. घरी पोचले तर अमोल दारातच. माझा भाऊ कसा आहे, तुला माहीत आहे. म्हणाला, ''मध्यस्थी कसली गो, परत बैठकच ती. पेढा भरवतील नि धाडतील तुला रोह्याला सासरी.'' मी त्याला गप्प केलं, पण मलाही तीच भीती आहे. मागच्या वर्षीची तुमच्या हिरामण काकांच्या ओटीवरची बैठक मी विसरलेले नाही. चार जाणती माणसं बसली, ''बोल पोरी, काय झाला?'' म्हणाली, आणि पोरीच्या ऐवजी तू बोललास. किती छान बोललास! ती दमते, तिला माहेरची आठवण येते, माझ्या शिफ्टमुळे एकटी पडते. माना डोलल्या, पेढे आले, आपण एकमेकांना भरवले आणि भांडण मिटलं म्हणून सगळे चहा प्यायले. मला काय हवंय ते कुणालाच कळलं नाही.

आता तुझ्या आईंचा फोन आला होता. हिरामण काकांनी म्हणे सोमवारसाठी पांढरा सदरा इस्त्रीला दिलाय आणि पेढ्यांचंही सांगून ठेवलंय! तू त्यांना अडवलं नसशीलच. वकीलबाईंना हे सांगितलं तर त्या हसून हसून दमल्या. मग नीट समजावून म्हणाल्या, तिथे काका-मामा कुणी नसतात. दोघांना न ओळखणारा एक मध्यस्थ असतो, तो हवं तर एकेकाशी वेगळंही बोलतो. तिथलं बोलणं जजसाहेबांपर्यंत जात नाही. नाही पटलं तर उठून यायचं, खटला आहे तिथून पुढे चालू. आणि मध्यस्थी म्हणजे परत नांदायला जाणंच नव्हे, वेगळं कसं व्हायचं तेही तिथे गोडीने ठरवता येतं. हे ऐकून बरं वाटलं. पण शेवटी त्यांनी विचारलं, ''तो समोर असताना तुला बोलता येतं का?'' तिथे माझं घोडं अडलं.

कारण तू वाईट नाहीस ना! हात उचलत नाहीस, पीत नाहीस, कंपनीतून सुटलास की सरळ घरी. लोक विचारतात, मग कमी काय आहे? काय सांगू? लग्नात उखाणा घेताना मी जरा अडखळले, तर पुढची ओळ तूच म्हणालास. मांडव हसला, मीही लाजून हसले, किती गोड वाटलं होतं तेव्हा. मग डॉक्टरांनी कुठे दुखतं विचारलं की तू सांगायचास. हॉटेलात माझी भूक तूच ठरवायचास. मला पुन्हा मूर्तीकाम करायचंय म्हटलं तर तू पाहुण्यांना सांगितलंस, तिला आता घरीच आराम करायचाय. मी तिथेच उभी होते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. एवढ्याशा गोष्टीवरून कुणी घर सोडतं का, असं आई म्हणतात. मी सोडलं. मला तिथे गुदमरायला व्हायचं.

इथे मूर्तीच्या डोळ्यांची आखणी माझ्याकडे आहे. आखणी सुरू झाली की कारखान्यात रेडिओ बंद, कुणी हाक मारत नाही, बाबासुद्धा पाय न वाजवता चालतात. माझी रेघ मीच पुरी करते. पण या आठवड्यात तीही चुकते. काल एक गणपती चक्क चकणा झाला, पुसून परत करावा लागला.

तर निकेश, मला काय हवंय ते लिहिते. मला परत यायचं नाही. मला घटस्फोट हवाय, पण भांडून नको. कस्तुरी शाळेसाठी माझ्याकडे राहावी आणि तुझ्या सुट्टीला तुझ्याकडे यावी, तिला तुझा फार लळा आहे. मला माझं काम करायचंय. बस, एवढंच. हे फोनवर सांगितलं असतं तर दुसऱ्या वाक्यालाच तू म्हणाला असतास, कळलं मला तुला काय म्हणायचंय. कागदाला तसं मध्येच तोडता येत नाही. सोमवारच्या आत मला उलट पत्र पाठव. त्यात तुझी बाजू नको, माफी नको, समजूत तर नकोच. मी काय म्हटलंय तेवढंच तुझ्या अक्षरात लिही. तुला ते पटायला हवं असं नाही, फक्त माझंच असायला हवं. ते वाचून मला वाटलं की हे मीच बोलले, तर मी साहेबांना 'हो' सांगेन आणि तुझ्यासमोर त्या खोलीत बसेन. त्यात पुन्हा तूच बोलत असलास, तर मी 'नाही' म्हणेन, आणि या वेळी ते माझ्या तोंडून सगळं कोर्ट ऐकेल.

'तुझीच' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसती,
ऋतुजा