गळा माझा, दळण तुझं

आत्याबाई,

काल टपालानं एक पाकीट आलं. आत बोटाएवढा पेन ड्राइव्ह, त्यात एक अख्खा सिनेमा. एक छापील फॉर्म. आणि पत्ता लिहून, तिकीट लावून दिलेलं एक कोरं पाकीट. पाठवणारीला बावन्न रुपये लागले, मला पोस्टमनला पाजलेला एक कप चहा. आज पूजा उरकली, कुकर लावला आणि लिहायला बसले. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. सुनेनं सासूला पत्र लिहावं असं आपल्यात कधी घडलं नाही, आणि तुम्हाला वाचताही येत नव्हतं. पण विषय तुमचाच आहे, म्हणून तुम्हालाच लिहिते.

तो गिटारवाला आठवतो का? आपल्याकडची गाणी घेऊन त्यांना गिटार, ड्रम लावणारा. माहेरी रेडिओवर त्याचं गाणं लागलं की मी पोळी तव्यावर विसरायची. त्याच्यावर आता माहितीपट निघालाय. नांदेडच्या एका कॉलेजात दाखवणार असं कळलं, तशी मी सूनबाईला घेऊन लातूरहून सकाळच्या एसटीत बसले. सूनबाई म्हणाली, "आई, महिन्याभरात मोबाइलवर येईल की!" मी म्हटलं, "त्याचं गाणं ऐकायला लागले तेव्हा तुझा नवरा जन्मलासुद्धा नव्हता. आता महिनाभर कोण थांबतंय?"

पडद्यावर तो म्हातारा झालेला दिसला. केस तेवढेच लांब, पण पांढरे. आयुष्यभराच्या सगळ्या गाण्यांबद्दल सांगून झाल्यावर त्यानं उजवा तळहात पुढं धरला आणि म्हणाला, "इथं फोड आला होता. ताल मला कुठल्या मास्तरानं शिकवला नाही. शिरूर अनंतपाळकडच्या एका गावात एका बाईनं मला जात्याला जुंपलं, तिथं शिकलो." सगळा हॉल हसला. मी पदर तोंडात कोंबला, कारण तो दिवस माझ्या डोळ्यापुढं जसाच्या तसा उभा राहिला.

मी नवी आहे, लग्नाला चार महिने झालेत. घरची माणसं शेतात गेलीत. दारात एक पोरगा येतो, खांद्यावर टेपरेकॉर्डर, पाठीवर गिटार. तुम्ही म्हणता, "केस बाईवानी, अन् पाठीला ही एवढी पेटी. काय इकायला आलास रं?" तो बोलतो आणि मला आवाजावरूनच कळतं. हातातलं सूप पडतं. तो म्हणतो, "मावशी, ओवी ऐकायचीय. टेप करून घेतो." तुम्ही म्हणता, "बसल्या जागी ओवी येती व्हय? जात्याला हात लागल्याबिगर न्हाई येत ती. अन् माझा खांदा लई दुखायलाय. तूच वढ. गळा माझा, दळण तुझं." गावात गिरणी होती, तरी सणाचं तुम्ही घरीच दळायच्या. मग तो रेडिओवरचा माणूस आपल्या माजघरात मांडी घालून दोन शेर ज्वारी दळतो. शेजारच्या बाया खिडकीतून बघून खिदळतात. मी मुठीनं ज्वारी घालते. त्या टेपमध्ये मागं बांगड्या वाजतात, त्या माझ्या.

तुम्ही देगलूरकडं दिलेल्या लेकीसाठी गायलात:

सरत आलं बाई, सुपातलं दळण
लेकीच्या गावाला, जाईना वळण

तेच गाणं पुढं त्याचं सगळ्यात गाजलेलं झालं. लातूरच्या वरातींत बँडवाल्यांनी वाजवलं. तुम्ही एकदाच ऐकलंत आणि म्हणालात, "तारा लई खाजवायलाय, पर जातं बरोबर फिरवलंय."

निघताना त्यानं दारात वही काढून मला विचारलं होतं, "बाईंचं नाव काय?" मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. सुनेनं सासूचं नाव कसं घ्यावं? म्हटलं, "आमच्या आत्याबाई." त्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. आतून तुम्ही ऐकत होता. तो गेल्यावर म्हणालात, "शानी हाय माझी सून." चार महिन्यांत पहिल्यांदा. त्याच संध्याकाळी मामंजींच्या खोलीतला रेडिओ तुम्ही स्वतः उचलून चुलीजवळच्या देवळीत ठेवलात. "ऐक तुझा गिटारवाला. पर भाकर करपली तर बघ." त्या एका रेडिओनं माझं सासर माझं घर झालं. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही.

सिनेमाच्या शेवटी नावांची यादी आली. त्यात होतं: ओवी, अनाम स्त्री. दिवे लागल्यावर सिनेमा काढणारी मुलगी पुढं येऊन म्हणाली, "हा आवाज कुणाचा, हे आम्हाला शेवटपर्यंत सापडलं नाही." माझा हात आपोआप वर गेला. "माझ्या सासूबाईंचा." टाळ्या पडल्या. तिनं माईक माझ्यापुढं धरला, "नाव सांगा ना, काकू." आणि मी पुन्हा पदर पुढं ओढला. आत्याबाई, मी रोज विष्णुसहस्रनाम म्हणते, देवाची हजार नावं मला तोंडपाठ आहेत. तुमचं एक येईना. तिनं बिचारीनं पत्ता लिहून घेतला, म्हणून हा फॉर्म. सगळीकडं दाखवायच्या आत नाव आलं तर यादीत घालणार, नाही तर अनामच राहणार.

सूनबाई म्हणते, "त्यात काय आई? मी बँकेत, दवाखान्यात रोज तुमचं नाव घेते. तुम्हाला काय झालं?" खरंय. तिनं माझं नाव घेतलेलं मला आवडतंसुद्धा. "द्या, मी लिहिते," म्हणाली. मी दिला नाही. तुमचं नाव पुसलं ते मी, लिहायचंही मीच. गावाचं नाव लिहिलं, नातं लिहिलं, सही केली. नावाचा रकाना तेवढा कोरा आहे. ते लिहिलं तर तुम्ही म्हणालेलं 'शानी' माझ्याकडं राहतं का, एवढंच कळेना.

हे पत्र पोथीत ठेवीन, दुसरं कुठं टाकणार? पण एक कबूल करते. आज शेंगदाण्याची चटणी वाटताना मिक्सर सुरू केला आणि त्याच्या घरघरीत तुमचं नाव घेतलं. पूर्ण, मोठ्यानं, दोनदा. घरात कुणाला ऐकू गेलं नाही. तुम्हाला गेलं असेल, तर रागावलात की रकाना भरू, तेवढं उलट टपाली कळवा.